'लोकेशन प्लीज' म्हणाले म्हणून पिन दिली, आता कॅम्पवर जायला तोंड नाही

डेन्व्हरकर

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पूर्ण वाचा आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

मी २०११ पासून कोलोराडोत आहे. शिकारीचं म्हणाल तर आमच्या घराण्यात ढेकणापलीकडे कोणी काही मारलेलं नाही. पण ऑफिसात एक सिनिअर होता, आता रिटायर झालाय, सत्तरीला टेकलाय, इथे त्याला नुसतं म्हातारा म्हणतो कारण तो स्वतःही तेच म्हणतो. २०२२ ला तो मला त्यांच्या एल्क कॅम्पला घेऊन गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलत भाऊ, चांगला नर तीनशे किलोच्या वर भरतो. जागा त्याच्या वडिलांनी शोधलेली, नॅशनल फॉरेस्टमध्ये, गाडी सोडून अडीच मैल आत, दहा हजार फुटांवर. जाड कॅनव्हासचा वॉल टेंट, आत पत्र्याची चूल, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं. पहिल्या वर्षी माझ्याकडे टॅग (म्हणजे एक जनावर मारायचा परवाना) नव्हता, काम एकच, पाणी आणा लाकडं फोडा आणि रांधा. त्या चुलीवर मी पिठलं केलं, म्हातारा आणि त्याचा भाऊ दोघांनी पातेलं पुसून खाल्लं आणि तेव्हापासून पिठल्याचं नाव 'यलो ग्रेव्ही'.

२०२३ ला हंटर एज्युकेशनचं कार्ड काढलं (१ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्या कोणालाही इथे त्याशिवाय लायसन मिळत नाही) आणि २०२४ ला ड्रॉमध्ये, म्हणजे टॅगच्या सोडतीत, मादीचा टॅग लागला. आणि मिळाली. मांस खाली आणायला तिघांनी दोन दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर तीस-तीस किलो, गुडघे आठवडाभर बोलत होते.

तर त्या आनंदाच्या भरात मी एका मराठी ग्रुपवर मोठी पोस्ट टाकली. तंबू, चूल, पिठलं, पहाटेचं कुरण आणि मागचा डोंगर, त्या डोंगराच्या कण्यात एक खाच आहे दात पडल्यासारखी. लाईकचा पाऊस. आणि खाली ते नेहमीचं, 'दादा लोकेशन प्लीज', 'लोकेशन?', 'नुसते फोटो टाकून जळवू नका'. मला वाटलं पब्लिक लँड आहे, आपल्या बापाचं काय जातंय, आणि हंटिंग ॲपमधली पिन टाकून दिली. तंबूची. वर उत्साहात अर्धा मैल वरच्या पाणवठ्याचीही, जिथे संध्याकाळी जनावर उतरतं.

गेल्या ऑक्टोबरात सेकंड रायफल सीझनच्या (बंदुकीच्या शिकारीचा दुसरा हंगाम) आदल्या दिवशी आम्ही ट्रेलहेडला पोचलो तर टेक्सासच्या नंबरप्लेटचे दोन ट्रक उभे. म्हातारा काही बोलला नाही. वर गेलो तर आमच्या जागेवर तीन तंबू, आमच्याच दगडांच्या चुलवणात शेकोटी, आणि एकजण हात पुसत पुढे आला, माझ्याकडे बघून त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू, म्हणाला, "अहो तुम्हीच ना ते पिठलंवाले? तुमची पोस्ट वाचूनच आलो!" आणि खिशातून फोन काढून आम्हाला दोघांनाही दाखवला. म्हाताऱ्याला मराठी कळत नाही. पण स्क्रीनवर त्याचाच तंबू होता, त्याच्या वडिलांनी शिवलेलं ठिगळ दिसत होतं दाराशी, आणि त्याच्यावर एक लाल टिंब.

त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, चल, अंधार पडायच्या आत खालच्या सपाटीवर तंबू ठोकू. बास. पाच दिवसांत त्यावर एक शब्द नाही. त्या पाच दिवसांत एल्कही नाही, पहिल्याच सकाळी तिकडून सात-आठ गोळ्या ऐकू आल्या आणि अख्खा कळप कुंपण ओलांडून खालच्या रँचमध्ये जाऊन बसला, प्रायव्हेट, आम्ही दुर्बिणीतून बघत होतो.

आता मार्च आहे. ड्रॉचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत भरायचा असतो. दरवर्षी म्हातारा फेब्रुवारीत फोन करतो की ग्रुपने अर्ज करायचा ना, यंदा फोन नाही. कायद्याने मी काहीच चुकीचं केलेलं नाही हे मला माहीत आहे. तरी रात्री दोन वाजता ते लाल टिंब दिसतं. पिन देणं खरंच एवढं मोठं पाप आहे का, की ही सगळी उगाच राखून ठेवायची नाटकं आहेत? आणि आता करू काय?

---

तिरकमठा

पाप आहे. सॉरी, पण आहे.

मी मोंटानात असते, नवरा आणि मी दोघं बो हंटिंग करतो, नऊ वर्षं झाली. इथे एक न लिहिलेला नियम आहे, युनिट, म्हणजे शिकारीसाठी आखलेला मोठा विभाग, विचारलं तर सांगायचं, ते तसंही रेग्युलेशनच्या पुस्तकात छापलेलं असतं. फार जवळचा असेल तर कुठल्या ओढ्याच्या खोऱ्यात फिरतो तेवढं सांगायचं. तंबूची पिन नाही, आणि पाणवठ्याची तर आईशप्पथ नाही. तुम्ही ती दुसरी पिन दिलीत तिथे मी कपाळाला हात लावला.

कारण जागा दगडमातीची नसते हो. एल्क दिवसभर उत्तरेकडच्या उतारावर दाट झाडीत बसतं, तिथे गार असतं, संध्याकाळी कुरणात उतरतं, वाटेत पाणी पितं, खिंडीतून पलीकडे जातं. हे रोजचं वेळापत्रक आहे त्याचं. तिथे दोन माणसं गप्प बसली तर वेळापत्रक टिकतं, बारा माणसं गेली की दुसऱ्या दिवशी मोडलं, आणि मग तेच होतं जे तुमचं झालं, कळप प्रायव्हेटमध्ये. सीझन संपेपर्यंत तो तिथून हलत नाही, त्याला तारखा आपल्यापेक्षा चांगल्या कळतात. म्हणजे टेक्सासवाल्यांनाही पहिल्या सकाळनंतर काही मिळालं नसणार, बाहेरच्या माणसाला एल्कचा टॅग आठशे डॉलरच्या वर पडतो तिथे, त्यांचाही तोटाच. तुम्ही जागा वाटली नाहीत, संपवलीत.

हां आणि एक पिन मात्र द्यायलाच हवी, घरी. मी कुठे झोपणार ते बहिणीला माहीत असतं, कधी परतले नाही तर कोणाला फोन करायचा तेही. कोलोराडोत तर तुमच्या लायसनच्या पैशांतून सर्च अँड रेस्क्यूसाठी २५ सेंट कापतात, त्या लोकांना शोधायला काहीतरी हाताशी हवं.

---

उंटावरचा_शहाणा

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

त्या जंगलाचा सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर आहे का? नाही ना? अमेरिकेत केंद्र सरकारची ६४ कोटी एकर जमीन आहे, ती मोंटानातल्या ताईंची जेवढी आहे तेवढीच माझी, टॅक्स मीही भरतो. आता ज्यांच्या बापाने आज्याने जागा शोधून ठेवल्या त्यांनी म्हणायचं की न लिहिलेला नियम आहे. न लिहिलेला नियम नेहमी आधी आलेल्यांच्या सोयीचा असतो हे मी गावात पाणवठ्यावरच शिकलोय, तिथेही नियम लिहिलेला नव्हता आणि कोणी कुठून पाणी भरायचं हे सगळ्यांना बरोबर माहीत होतं.

आपला आजा इथे शिकार करत नव्हता. आपल्याला कोण काका मामा आहे हात धरून न्यायला? डेन्व्हरकरांना म्हातारा भेटला हे नशीब, बाकीच्यांनी काय करायचं? त्या टेक्सासच्या माणसाने तरी काय केलं, वाचलं, आठशे डॉलर भरले, पंधरा तास गाडी हाणली आणि कायदेशीर जागेवर तंबू लावला. त्याला तर तुम्ही भेटल्यावर आनंदच झाला होता. तुमच्या गोष्टीत एकच माणूस खूश होता आणि त्यालाच तुम्ही व्हिलन केलंय.

आणि माहिती दडवण्याचा फायदा कोणाला होतो ते वायोमिंगमध्ये बघा. तिथे रेल्वेच्या काळापासून सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आहेत, सरकारी चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून. पिढ्यानपिढ्या रँचवाले सांगायचे की कोपरा ओलांडला तरी घुसखोरी, म्हणजे आतली सरकारी जमीन फुकटात त्यांचीच. मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी फोनवर नकाशा बघितला, कोपऱ्यावर शिडी लावली आणि सरकारी चौकोनातून सरकारी चौकोनात उतरले. २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना सोडलं, २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला. ॲपमधला नकाशा नसता तर ते चौघं कोपऱ्यापर्यंत पोचलेच नसते. माहिती उघडी असली की गरिबाचं भलं होतं, सिंपल.

---

तिरकमठा

नकाशा आणि पिन ह्यात फरक आहे हो शहाणे. कोपरा कुठे आहे हे सगळ्यांना कळायलाच हवं, त्या चौघांसाठी मीही टाळ्या वाजवल्या. पण त्यांनी नकाशा वाचला, कोणाच्या तंबूवर टिंब बघून नाही गेले. आणि गंमत म्हणजे त्याच खटल्यात रँचवाल्याने एका शिकाऱ्याच्या ॲपमधली एक पिन पुढे केली होती, की बघा हा माझ्या जमिनीत शिरला होता. पिन काय, कुठेही बोट टेकवलं की पडते. एक टिंब पुढे कोण कशासाठी वापरेल ह्याचा नेम नाही एवढंच म्हणते.

नवीन लोकांना कोण शिकवणार हा प्रश्न मात्र बरोबर आहे तुमचा. मला कोणी विचारलं तर मी तासभर बसून नकाशा कसा वाचायचा ते दाखवते. रस्त्यापासून दीड मैलाच्या पुढे बघा कारण बहुतेक लोक तेवढं चालत नाहीत, उतारावर मध्येच सपाट पायऱ्या असतात तिथे बघा, जळालेलं जंगल असेल तर दोन-चार वर्षांनी तिथे गवत चांगलं येतं ते बघा. ह्यातून मुलं स्वतःची जागा काढतात. मग तीही कोणाला सांगत नाहीत, हाहा.

---

नवखा_ओमाहा

छान चर्चा. बाय द वे लोकेशन काय होतं?

(गंमत करतोय. पण खरा प्रश्न, मी एच-वनवर आहे, मला हे सगळं करता येतं का?)

---

तिरकमठा

करता येतं, पण क्रम चुकवू नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याने बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, आणि राज्याने दिलेलं वैध हंटिंग लायसन हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी कार्ड, मग लायसन, मग बंदुकीला हात. मित्राची 'जरा धरून बघतो' म्हणून फोटोही काढू नका, आणि एकदा वकिलाशी बोला. नाहीतर माझ्यासारखं धनुष्य घ्या, ते फायरआर्ममध्ये येत नाही. खांदा मात्र वर्षभर कमवावा लागतो.

---

पिक्सेलपंत

तांत्रिक मुद्दा. इथे सगळे पिनवर अडलेत पण डेन्व्हरकर, तुम्ही पिन दिली नसती तरी तुमच्या त्या खाचेच्या डोंगराने काम केलं असतं.

फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात हे बऱ्याच जणांना माहीत झालंय. व्हॉट्सॲप, इन्स्टा वगैरेवर फोटो म्हणून टाकलात तर ते बहुतेक गळून पडतात. पण व्हॉट्सॲपवर 'क्वालिटी चांगली यावी' म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवलात की सगळं जसंच्या तसं जातं, आणि आपले लोक तेच करतात. ते झालं एक. दुसरं म्हणजे क्षितिजरेषा. गूगल अर्थमध्ये डोंगर फिरवून फिरवून मागची कड जुळवणारे लोक आहेत, रिकामटेकडे म्हणा हवं तर, मीही त्यातलाच. दात पडलेली खाच म्हणजे त्यांना मेजवानी. युनिट माहीत असेल तर एका संध्याकाळचं काम. एका मित्राच्या 'सीक्रेट' तळ्याचा फोटो मी चाळीस मिनिटांत शोधून दिला होता, पैज एका मिसळीची.

आणि माणूस स्वतः काही न टाकताही सांगून जातो. स्ट्राव्हा ह्या व्यायाम नोंदवायच्या ॲपने लोकांच्या पळण्याचा जागतिक नकाशा काढला, २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात जिथे काहीच नाही तिथे चौकोनी रेघा चमकतायत, ते सैन्याचे तळ होते, जवान सकाळी कुंपणाच्या आतून जॉगिंग करत होते. कॅम्पला जाताना घड्याळ बंद करा, फोटो काढताना पाठ जंगलाकडे, डोंगराकडे नाही. चुलीचा क्लोजअप काढा, पिठल्याला अक्षांश नसतात.

---

गडवेडा

हे वाचून आमचा ग्रुप आठवला. शिकार नाही बाबा, इथे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून ते दुकान बंद, आम्ही सह्याद्रीतले तंबूवाले. आमचीही एक जागा होती, एका घाटवाटेच्या माथ्यावर, कातळातलं टाकं, बारमाही पाणी, समोर कोकण उघडं. पंधरा वर्षं आम्ही सहाजण जायचो. मग ग्रुपमधल्याच एकाने ड्रोन व्हिडिओ टाकला, 'हिडन जेम' असं लिहून, आता हिडन आहे तर लिहितोस कशाला गाढवा. पुढच्या डिसेंबरात तिथे भाड्याचे चाळीस तंबू, ब्लूटूथ स्पीकर आणि डीजेवर झिंगाट. टाक्यात मॅगीची पाकिटं. आम्ही परत गेलो नाही. आणि सांगू का, त्याच्याशी बोलणंही तुटलं, एका जागेपायी तीस वर्षांची मैत्री. डेन्व्हरकर, म्हाताऱ्याला लवकर भेटा.

---

वरची_वाडी

गडवेडा साहेब, माफ करा पण लिहावं लागतंय. मी अकोले तालुक्यातला. तुम्ही ज्याला तुमची जागा म्हणता तसल्या टाक्यांवर आमची गुरं पाणी पितात. पंधरा वर्षं सहाजण यायचो म्हणता, वाडीतून वर जाताना कधी कोणाच्या ओट्यावर टेकलात का? आमच्याकडं असे पुष्कळ ग्रुप यायचे, रात्री बाराला गाडी लावायची, पहाटे वर, संध्याकाळी खाली आणि पुण्याला. वाडीत चहासुद्धा नाही. तुमचं सीक्रेट होतं म्हणजे ते आम्हाला माहीत नव्हतं असं नाही ना.

लोकेशन व्हायरल झाल्यावर आमच्या वाडीत पैसा आला हे पण खरं आहे. काजव्यांच्या दिवसांत, मे संपता संपता ते पाऊस लागेपर्यंत, माझी आई रोज चाळीस माणसांच्या भाकरी थापते, नाचणीच्या, आणि पोरं गाईड म्हणून जातात. ह्याआधी ह्याच पोरांनी पावसाळा संपला की नारायणगावला टोमॅटोच्या तोडणीला जायचं. त्यामुळं पिन वाईट असं मी म्हणणार नाही.

पण पिन कुठं टाकली त्यात सगळं आलं. एका व्हिडिओवाल्याने पिन टाकली ती वाडीत नाही, थेट काजव्यांच्या झाडांवर. आता हिरड्याच्या, सादड्याच्या झाडांवर काजवे चमकतात ते मादीला बोलावायला, ते दिवस थोडे असतात. गाड्या मॅपवर बघत कच्च्या रस्त्याने थेट झाडाखाली, हेडलाईट चालू, पोरं बॉनेटवर. उजेड पडला की काजवा गप. त्या झाडावर दुसऱ्या वर्षी अर्धे पण दिसले नाहीत, बघायला आलेले म्हणायचे फसवलंत. मग आम्ही काय केलं तर नाक्यावर दोरी बांधली, गाडी खाली, माणूस पायी, टॉर्चला लाल कागद आणि सोबत वाडीतलं पोरगं. आणि मॅपवर जाऊन पिन दुरुस्त केली, झाडाचं नाव काढलं, वाडीचं टाकलं. आता लोक वाडीत येतात आणि विचारतात कुठं जायचं. विचारलं की आम्ही माणूस बघतो आणि मग सांगतो. सगळ्यांना एकच झाड सांगत नाही.

---

गडवेडा

मान्य. ओट्यावर टेकलो नाही हे खरं आहे. एकदा एका आजींनी ताक दिलं होतं, पैसे घेतले नव्हते, तेवढंच. पुढच्या वेळी येतो.

---

रानपिंगळा

वाडीवाल्या दादांनी जे केलं ते पक्षीवाले लोक आधीपासून करतात. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या साइटवर संकटातल्या प्राण्याची किंवा झाडाची नोंद टाकलीत तर ते ठिकाण आपोआप धूसर करतं, नेमक्या टिंबाऐवजी वीस-पंचवीस किलोमीटरचा चौकोन दिसतो. पक्षीनोंदींच्या ईबर्डवरही नाजूक प्रजातींची जागा झाकतात. नोंद राहते, अभ्यासाला मिळते, फक्त फोटोवाल्यांची झुंड घरट्याखाली पोचत नाही. माझं टोपणनाव ज्याच्यावरून घेतलंय तो पक्षी ११३ वर्षं कोणाला दिसलाच नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तेव्हा लाईव्ह लोकेशन असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार करते कधीकधी. ताडोबाच्या सफारीत मोबाईलला बंदी घातली तीही ह्याच कटकटीतून, एका जिप्सीला वाघ दिसला की फोन फिरायचे आणि सगळ्या जिप्स्या तिथेच.

---

उंटावरचा_शहाणा

वाडीचा मुद्दा भारी आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे हे लक्षात घ्या. तिथे पिन वाडीवाल्यांनी ठरवली, कारण तिथे वाडी आहे. कोलोराडोच्या जंगलात वाडी कुठंय? मूळ युट लोक तिथून हाकलले त्यांना कोणी विचारलं का? मग म्हाताऱ्याचे वडील पन्नास वर्षांपूर्वी आले आणि ती 'आमची जागा' झाली. आपण कोणाच्या परवानगीची चर्चा करतोय एवढं ठरवा.

तरी मान्य करतो, पाणवठ्याची पिन द्यायला नको होती. जनावराला तरी थोडी जागा ठेवा.

---

तिरकमठा

युट लोकांचं बोललात ते बरोबर बोललात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण डेन्व्हरकरांचा प्रश्न जंगल कोणाचं हा नाहीच मुळी. म्हाताऱ्याने जागा दाखवली तेव्हा जंगल दिलं नव्हतं, विश्वास ठेवला होता. फॉरेस्ट सर्व्हिसचा त्यात काही संबंध नाही. शेजारणीने तिच्या लोणच्याचं प्रमाण सांगितलं आणि मी ते चॅनलवर टाकलं, कैरी काय कोणाच्या बापाची नाही, तरी ती माझ्याशी बोलेल का परत?

डेन्व्हरकर, पोस्ट काढलीत का आधी ते सांगा. आणि फोन करू नका, घरी जा.

---

डेन्व्हरकर

सगळ्यांचे आभार, शिव्या अपेक्षेपेक्षा कमी पडल्या. दहा दिवसांनी लिहितोय.

पोस्ट काढली. त्याचा उपयोग किती ते पंत सांगतीलच, स्क्रीनशॉट फिरतायत, एकाने तर मलाच फॉरवर्ड केला 'बघ भारी जागा' म्हणून. टेक्सासच्या त्या गृहस्थांनाही मेसेज केला. माणूस खरंच साधा आहे, त्यांना कल्पनाच नव्हती की कोणाच्या कॅम्पवर तंबू लावलाय, त्यांना वाटलं मी सगळ्यांना बोलावलंय. आणि तिरकमठा म्हणाल्या तेच, पहिल्या सकाळी एक नर घायाळ केला, दिवसभर माग काढला, मिळाला नाही, पुढे चार दिवस काही नाही. ते सांगताना त्यांचा आवाज पडला होता. म्हणाले यंदा ते दुसरीकडे बघतील, मी काही बोललो नाही, त्यांना नकाशा वाचायला मदत करतो म्हणालो.

रविवारी म्हाताऱ्याकडे गेलो. हातात लिंबाचं लोणचं. गॅरेजमध्ये होता, सुऱ्यांना धार लावत बसलेला. मी गाडीत दहा वेळा घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, पोस्ट, लोकेशन प्लीज, पाणवठा, सॉरी. तो धार लावायचा थांबला नाही. मग म्हणाला, त्याच्या वडिलांनाही ती जागा कोणीतरी दाखवलीच होती, खाली गावात एक मेंढपाळ होता त्याने, एका व्हिस्कीच्या बाटलीवर. आणि वडिलांनी त्याला बजावलं होतं की ज्याला दाखवशील त्याला हातात धरून ने. बास, पुढे टोमॅटोच्या रोपांवर बोलत बसला, अर्धा तास.

मग कळलं की सीझन संपल्यावर नोव्हेंबरात बर्फात तो एकटा वर गेला होता. चुलवणात अर्धवट जळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचे गोळे आणि कॅन होते ते स्लेडवर ओढून खाली आणले. ह्या वयात. मला फोन केला नाही. ते ऐकून जे वाटलं ते पाच दिवसांच्या अबोल्यातही वाटलं नव्हतं.

निघताना म्हणाला, तंबूचे लाकडी खांब अजून वरच झाडाला टेकवून ठेवलेत, जूनमध्ये बर्फ वितळला की तिथून हलवायचेत, तुझी पाठ धड आहे तर ये. मी कुठे हलवायचेत ते विचारलं नाही. ड्रॉचं तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही, मंगळवारी मी माझा एकट्याचा अर्ज भरला.

लोणच्याची बाटली मात्र त्याने तिथेच उघडली, बोट घालून चाखलं आणि विचारलं ह्यात काय काय आहे. मी सांगितलं. म्हणाला, लिहून दे.